टेकडीवर गेलेला उंबरठा

मी एक जुना दगडी उंबरठा आहे, मित्रांनो, आणि संशय घेणे हा माझा स्वभाव नसून माझे काम आहे. दारात आडवे पडून राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला क्षणभर अडवून विचारायचे, 'कोण? कुठे निघालास? आधी पाय उचल.' जो पाय उचलत नाही त्याला ठेच. माझी भाषा एवढीच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. आम्ही उंबरठे चेहरे बघत नाही. जमिनीला चिकटलेल्याला चेहरा दिसणार तरी किती? आम्ही पावले ओळखतो. तोंड गोड बोलते, पाऊल मात्र खरे बोलते. चोरून खाणारा चवड्यांवर येतो. घाबरलेला टाच टेकवत नाही. थाप मारून आलेला माणूस माझ्यावर एक पाय ठेवून उगाच घुटमळतो. म्हणून मी भल्याभल्यांवर पटकन विश्वास ठेवत नाही.

माझा जन्म खाणीतला. पाथरवटाने मला पाण्याने ओला केले, चीर दिसते का ते पाहिले, मग हातोडीने टकटक करून कान लावला. आतून फुटलेला दगड बद्द वाजतो. मी खणखणीत वाजलो. "हा दगा नाही देणार," तो म्हणाला. माझ्यावर घेतला गेलेला तो पहिला संशय, आणि माझे पहिले कौतुकही तेच.

तिथून मी एका चष्मेवाल्याच्या घरी आलो. पुढच्या खोलीत दुकान, मध्ये स्वयंपाकघर, मागे फरसबंद अंगण. मला स्वयंपाकघराच्या मागच्या दारात बसवले. चष्मेवाल्यानंतर दुकान त्याच्या दोन मुलांकडे आले. थोरला पुढे बसून लोकांचे डोळे तपासायचा. धाकटी बहीण आतल्या टेबलाशी यंत्रावर भिंगे घासायची. एकदा तिच्या हातून त्या यंत्राचे चाक निसटले आणि माझ्या कोपऱ्यावर पडले. टवका उडाला, वाटीएवढा खळगा राहिला. तो आजही आहे. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या धाकटीला डोंगरातल्या सायकलीचे वेड. दिवसभर केसाएवढी चूक चालणार नाही असे काम, आणि सकाळ झाली की जाड चाकांची सायकल घेऊन टेकडी गाठायची. सायकल रात्री स्वयंपाकघरात असायची, म्हणजे रोजची पहिली गाठ माझ्याशी. सुरुवातीला ती उतरून सायकल उचलायची. मग तिने बसल्या बसल्या पुढचे चाक हवेत उचलून मला ओलांडायचा नाद धरला. पहिले काही दिवस मी तिची नडगी सोलून काढली. एकदा मागच्या चाकाने दुधाचे पातेले आडवे केले.

"अगं, दार आहे ते, सर्कशीचा तंबू नाही," तिची वहिनी म्हणायची. "उतरून ने की."

"इथे उतरायची सवय लागली तर टेकडीवर काय करू? तिथे सांगायला कोण आहे?"

"मी येते सांगायला."

"ये. फक्त हातात लाटणं नको."

काही महिन्यांत ती मला न शिवता पार व्हायला लागली. मनातून मला बरे वाटायचे. शिक्षक म्हणून माझे नाव कुठे लागले नाही, ते जाऊ द्या.

मग वहिनीला मुलगी झाली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायला लागले. मुलगी झाल्यापासून वहिनीचे पाऊल बदलले. मूल कडेवर घेऊन ती बाहेर पडायची, आणि माझ्यावर डावी टाच टेकवून थांबायची. गॅस बंद केला? बाळाच्या तोंडात काही नाही ना? आतल्या खोलीत काय वाजले? सगळे आठवून झाले की दुसरा पाय उचलायची. कडेवर मूल नसतानाही ती तशीच थांबायची. असे थांबणे मी दुसऱ्या कुणाच्या पावलात पाहिले नाही.

ती माझ्यावरही संशय घ्यायची. मला जुन्या गोधडीत गुंडाळून सुतळीने बांधून ठेवले होते तिने. लेकीला शिकवले होते, "उंबरठ्यावर थांबायचं. बघायचं. मग पाय टाकायचा." भिंगरी ते गाण्यासारखे म्हणायची. माझ्या खळग्यात वाटाणे ठेवून एकेक खात बसायची. पण एकदा गोधडीत पाय अडकून पोर तोंडावर आपटली आणि दुधाचा दात अर्धा गेला. गोधडीला कोणी काही बोलले नाही.

"हा दगड या घरात नको," वहिनी म्हणाली.

पहारीने मला उचकटले. माझ्या जागी गुळगुळीत फरशी आली आणि मी अंगणात मोरीच्या कडेला, फुटक्या बादलीखाली. इतकी वर्षे सगळ्यांचे पाय झेलले आणि शेवटी बादलीचे बूड झेलायची पाळी आली. मित्रांनो, उपयोग संपलेल्या वस्तूला लोक टाकतही नाहीत आणि ठेवतही नाहीत, ते फार वाईट.

वहिनी माहेरी गेली असताना एका रविवारी आत्या, म्हणजे ती भिंगे घासणारी, मला उचलून घेऊन गेली. तिच्याबरोबर तिची टोळी होती: एक सुतार, एक दातांची डॉक्टर, दोघे-तिघे आणखी. ही मंडळी दर रविवारी टेकडीवर सायकलच्या वाटा बांधायची. मला वाटले होते, चार दगड हटवले की झाली वाट. तसे नसते. वाटेला बाहेरच्या अंगाला थोडा कल द्यावा लागतो, नाहीतर पाणी वाटेवरूनच धावते आणि तिला खाऊन टाकते. पाऊस लागला की लोक घरात बसतात; आत्या गमबूट घालून टेकडीवर यायची आणि पाणी कुठून जाते ते बघत उभी राहायची. मग फावड्याने चर काढायची, आणि दुकान उघडायच्या आत नखातला चिखल काढून परत भिंगांपाशी.

टेकडीच्या माथ्यावर त्यांनी एक अवघड उतार बांधला होता. दोन खडकांमधून वाट जी खाली सुटते, तिला मध्ये थांबायला जागा नाही. त्या उताराच्या तोंडाशी आत्याने मला रोवले, वीतभर वर राहील असा.

"याला ओलांडता येईल त्यानेच पुढे जायचं," ती टोळीला म्हणाली. "नाही जमलं तर डावीकडची सोपी वाट आहे. खाली पोचल्यावर कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं."

मला माझे काम परत मिळाले. पोरे यायची, माझ्यावर चाक आदळायची, मला शिव्या घालायची आणि डावीकडे वळायची. त्या शिव्या मला हारासारख्या वाटायच्या.

आणि मग कोणीतरी माती टाकायला लागले.

माझ्या पुढ्यात, चाक जिथे आदळायचे नेमके तिथे, मातीचा छोटा चढ तयार झाला. थापून, चोपून, छान घट्ट. आता कोणीही चाक न उचलता माझ्यावर चढू शकला असता. रविवारी आत्याने तो खणून काढला. "कोणाला एवढा पुळका आलाय?" ती कुरकुरली. पुढच्या आठवड्यात माती परत हजर.

माझा पहिला संशय निवृत्त पोस्टमनवर गेला. ते रोज कुत्रा घेऊन यायचे आणि बुटातला खडा काढायला माझ्यावर बसायचे. रोज एकाच माणसाच्या बुटात खडा जातो, हे तुम्हाला पटते का? पण त्यांचे गुडघे वाकत नव्हते. वाकल्याशिवाय माती चोपता येत नाही. कुत्र्याचा विचारही मी करून पाहिला.

मग एका दुपारी गुन्हेगाराची पावले प्रत्यक्ष माझ्यावर पडली आणि मी हादरलो. गमबूट होते. उजव्या बुटाच्या तळाला ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. तो तुकडा मला पाठ होता. आत्याचेच बूट!

म्हणजे आठवड्यात स्वतः माती टाकायची आणि रविवारी टोळीसमोर कपाळाला आठ्या घालून काढायची? मला तिचे एकेक वागणे खोटे वाटायला लागले. वय झाले असेल, चाक उचलवत नसेल, आणि चारचौघांत कबूल करायची लाज वाटत असेल. तिने टोळीला दिलेल्या चहातही मला कावा दिसायला लागला. चाल जरा वेगळी होती, बूट पायात सैल वाजत होते. पण संशय एकदा माणसावर बसला की पावलाकडे लक्ष राहत नाही, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

पुढच्या वेळी गमबुटांबरोबर एक छोटी सायकलही आली. आठ वर्षांच्या भिंगरीची, आत्यानेच घेऊन दिलेली. त्या दिवशी तिला शाळेची सुट्टी होती. बूट माझ्यावर चढले. डावी टाच टेकली. आणि थांबली.

गॅस बंद केला? काय वाजले?

ती वहिनी होती.

"आई, तू रोज येतेस इथे?"

"रोज नाही गं. आत्याला सांगायचं नाही हं."

"का?"

"तिचे गुडघे बघितलेस ना? विचारलं की म्हणते, वाटेच्या तोंडाशी एक दगड आहे, त्यावर पडले. काढून टाक म्हटलं तर ऐकत नाही. मग मी आपली माती टाकते. हसू नकोस."

"हसत नाहीये. पण तिचे बूट का घातलेस?"

"माझ्या चपलांना चिखल दिसला की ती लगेच ओळखेल. डोळा आहे का तिचा साधा?"

मित्रांनो, मी थक्क झालो. आत्या माझ्यावर एकदाही पडली नव्हती. पडायची ती पुढे, उतारावर. घरी काळजी नको म्हणून उताराचे नाव लपवायचे आणि आळ माझ्यावर. आणि ती काळजी खुरपे घेऊन इथे मला बुजवत बसली होती. पलीकडे काय आहे ते तिने कधी पाहिलेच नव्हते. इथवर यायचे, माती चोपायची आणि लेक शाळेतून यायच्या आत घर गाठायचे.

वहिनी पाठ फिरवून बाजूची माती खरवडायला बसली. भिंगरीने सायकल मागे घेतली. मला चाकांची घरघर ऐकू आली. मला तिला विचारायचे होते, पण माझे तोंड मातीने बंद केलेले. तिचे चाक अलगद, कसलाही धक्का न बसता, माझ्यावर चढले. पलीकडच्या काठापाशी आले.

तिथे करकचून ब्रेक लागला. एक छोटा बूट माझ्यावर टेकला, खळग्याच्या अगदी शेजारी.

"आई," ती म्हणाली, "हा आपला उंबरठा आहे. हा बघ माझा वाटाण्याचा खळगा."

"काहीतरीच काय," म्हणत वहिनी उठली. आणि लेकीच्या खांद्यावरून तिने पहिल्यांदा पुढे पाहिले. ती ओरडली नाही. तिने सायकलची सीट घट्ट धरली आणि मुलीसकट मागे ओढली, अगदी हळू, भरलेले पातेले उतरवावे तशी.

"थांबलीस कशी गं?" सीट न सोडता तिने विचारले.

"उंबरठ्यावर थांबायचं ना?"

वहिनी माझ्यावर बसून राहिली. मग खाली बसून तिने आपण चोपलेली माती काढायला घेतली. खुरपे बाजूला टाकले, हातांनी काढली.

रविवारी ती आत्याबरोबर आली, स्वतःच्या चपलांत. टोळी लांब चर खणत होती.

"उताराचं सांगितलं असतं तर तू मला घराबाहेर पडू दिलं नसतंस," आत्या म्हणाली.

"नसतंच दिलं."

"म्हणून तर."

"आता सांगितलंस ना? मग यापुढे उतारावर पडलीस की उतारावर पडले म्हणायचं. दगडाचं नाव घ्यायचं नाही. आणि माझं घर फोडून दगड इकडे आणलास, तो हिशेब वेगळा."

"तू टाकला होतास, वहिनी."

"बादलीखाली ठेवला होता."

मित्रांनो, माझ्यासारखे आडवे येणारे तुमच्याही वाटेत असतील. ते खुपतात, ठेच लावतात. ज्यांचा तुमच्यावर जीव आहे तेच ते बुजवायला धावतील. बुजवा, पण आधी दोन पावले पुढे जाऊन पलीकडे काय आहे ते बघा. आणि तुम्हाला कुठे लागले ते घरी खरे सांगा, कारण नाहीतर तुमची माणसे भलत्याच दगडाशी भांडत बसतात.

भिंगरी आता दर रविवारी येते. माझ्यावर चाक आदळते, खाली उतरते, माझ्या खळग्यात एक वाटाणा ठेवते आणि डावीकडच्या वाटेने निघून जाते. मागून वहिनी चालत जाते. जाण्याआधी डावी टाच टेकवून माझ्यावर थांबते.

भिंगरी पुढच्या रविवारी येते तेव्हा वाटाणा जागेवर नसतो. पोस्टमनच्या कुत्र्यावरचा माझा संशय कायम आहे.