कोपऱ्यातलं रिकामं आकाश

माकारेनानं चौथ्यांदा आकडे तपासले. चूक तिचीच होती, आणि चांगली चार वर्षं जुनी होती.

तिच्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा होता: या बटू, म्हणजे छोट्याशा दीर्घिकेभोवती वायू उरलेला नाही, म्हणून तिच्यात आता नवे तारे जन्मणार नाहीत. सोमवारी परीक्षकांसमोर तिला हेच सांगायचं होतं.

दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रात आपल्या आकाशाचाही उजेड मिसळतो, तो वजा करावा लागतो. त्यासाठी ला सेरेना शहरातले तिचे सगळे सहकारी, आणि तीही, त्याच छायाचित्रातला एखादा रिकामा कोपरा घेत. दुर्बिणीचा वेळ मिळता मिळत नाही. तो कोरं आकाश टिपण्यात कोण घालवणार? गेल्या आठवड्यात दुसऱ्या गटानं टिपलेलं खरंखुरं कोरं आकाश तिच्या हाती लागलं आणि पितळ उघडं पडलं. वायू थेट त्या कोपऱ्यापर्यंत पसरला होता. आणि माकारेना बाईसाहेब वायूतून वायू वजा करून शून्य आलं म्हणून खूश!

ती तडक मार्गदर्शकांच्या खोलीत गेली. प्राध्यापक ओलावारिया पावावर अवोकाडो थापत होते.

"प्रोफे, सोमवारची परीक्षा पुढे ढकला. माझ्या दीर्घिकेभोवती वायू आहे. भरपूर आहे. तो परत आत पडेल, तारे होतील."

"डोकं ठिकाणावर आहे ना, पोरी? महिन्याभरात शिष्यवृत्ती संपतेय तुझी. आधी पदवी पदरात पाडून घे."

"खोटं आहे हे माहीत असताना बोलू?"

"सगळे असंच करतात. मीच शिकवलंय तुला."

"म्हणूनच आले. तुमच्या अकरा शोधनिबंधांतही हाच कोपरा आहे."

ओलावारियांचा चेहरा लालबुंद झाला. या माणसाच्या एका शब्दावर माकारेनाची पदवी अडकली होती, आणि तिला भयंकर भीती वाटत होती.

"बाहेर हो."

"परीक्षा पुढे ढकलायच्या या अर्जावर तुम्ही सही केल्याशिवाय हलणार नाही."

"आणि खाशील काय?"

"सकाळी शाळेत गणित शिकवीन. दुपारी हे नव्यानं मोजीन."

ओलावारियांनी पाव बाजूला ठेवला. मग हात पुसून त्यांनी अर्जावर सही केली आणि कपाटातून एक धुळकट डबी काढून तिच्यापुढे सरकवली.

"माझ्या पहिल्या निबंधाची छायाचित्रं. ह्याच्यावरच मला ही खुर्ची मिळाली," ते म्हणाले. "आधी हाच निबंध खोडून काढ."