तीन पुडे

कोंडीरामांनी पुडा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि न उघडताच फळीवर ठेवून दिला.

"वास नाही घेतलात?" मी विचारलं.

"कशाला ताई? हिंदुरावांचा माल. त्यात काय बघायचं?" माझ्याकडे न बघता ते बंबातले निखारे सारू लागले.

चिंचवड स्टेशनासमोरच्या त्या हॉटेलातून मी बाहेर पडले. हिंदुराव म्हणजे माझे बाबा. त्यांच्याकडून ऐकलं होतं ते वेगळंच होतं. पुण्याच्या लष्करातल्या एका कॉफी हाउसात ते बिया भाजायला शिकले. त्रेपन्न साली आम्ही चिंचवडला आलो, तेव्हापासून घरीच भाजून, दळून ते इथल्या तीन हॉटेलांना पायी फिरून पूड देत. मालकाने पुडा उघडायचा, नाकाशी न्यायचा, मान हलवायची. मगच बाबा पुढे निघायचे. "मान हलली की दिवस उजाडला," म्हणायचे.

जाण्याआधी चार दिवस त्यांनी अंथरुणावरून उठून एक घाणा भाजला. "पोचव," एवढंच म्हणाले. तेरावा झाला, आणि शाळेत पुन्हा रुजू होण्याआधी मी त्यांच्याच वाटेने निघाले.

पिंपरी कॅम्पात जेठानंदशेठनी कपाट उघडलं. आत सहा-सात पुडे होते. सगळ्यांना बाबांच्याच हातचा दोरा, एकदा सोडून पुन्हा बांधलेला.

"हे तर वापरलेच नाहीत."

"बैठ, बेटी." ते स्वतः उभेच राहिले. "गेल्या साली टायफाइड झाला ना त्याला, तवापासून नाकाला काही कळत नव्हता. पूड जळून यायचा. गिऱ्हाईक पीत नाही. मी दुसरीकडून आणतो. पण हिंदुराव आला की त्याच्यासमोर त्याचाच पुडा उघडायचा, मान हलवायचा."

"त्यांना सांगायचं तरी."

"तो आमाला सांगत नाही. आमी कसा सांगणार?"

वर्षभर संध्याकाळी शाळेतून आले की घरात जळका वास असायचा. मी चहा पिणारी. कॉफीचा वास असाच असेल, असं समजून खिडकी उघडायची आणि वह्या तपासायला बसायची.

तिसरा पुडा रतनबाईंचा. औषधांच्या कारखान्याच्या फाटकासमोर त्यांची शेड होती. मधल्या खांबाला एक खिळा होता. त्याला पिशवी अडकवून बाबा तिथेच उभे राहायचे, हे त्यांनीच दाखवलं.

"तुम्हालाही ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"आणि बाबांना? त्यांना कळलं होतं का?"

हातातली बशी पुसून झाली तरी रतनबाई ती पुसतच राहिल्या. "दिवाळीआधी मला इचारलं त्यांनी. म्हणले, रतनबाई, खरं सांग, जळतीया का? मी पुडा नाकाला लावला अन् मान हलवली. झ्याक हाय म्हनलं."

"मग?"

"बघत ऱ्हायले नुसते. मी म्हनलं, माझ्यावर इस्वास न्हाई तर लेकीला इचारा, शिकलेली हाय. तर म्हणले, तिला न्हाई इचारत. ती खरं सांगंल."

समोर रस्त्यावरून एक ट्रक गेला. धूळ आत आली तसा रतनबाईंनी मी आणलेला पुडा जवळ ओढला.

"तो पुडा द्या," मी म्हणाले. "घरी नेते. लोकांना कशाला पाजायचं?"

"तुमच्या घरात कोन पितंय कॉफी?" त्यांनी पुडा पदराआड घेतला.

तेवढ्यात भोंगा झाला. पाळी सुटली आणि माणसं येऊन बाकांवर बसली. रतनबाईंनी गाठ सोडली तशी वासाने शेड भरली. करपलेल्या तव्यासारखा वास. पहिल्यांदाच मला तो काय आहे ते कळलं.

"मावशे, काय जाळलंस गं?" एक कामगार हसत म्हणाला.

"हिंदुरावांची कॉफी हाय. शेवटची. आज हीच मिळंल. नको आसंल तर पानी पी अन् घरला जा."

त्याचं हसू विरलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "ओत," म्हणाला. "साखर जरा जास्त टाक."

"मलाही द्या," मी म्हणाले.

पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं. रतनबाईंनी चमचा हातात घेतला आणि तशाच थांबल्या. पुडा नाकाशी नेला. डोळे मिटून हुंगला. मग त्या रिकाम्या खिळ्याकडे बघून त्यांनी सावकाश मान हलवली.