गोष्टीतला हुंकार

गोष्ट ऐकणाऱ्याने मधूनमधून हुंकार द्यायचा, ही आमच्या घरची रीत. माझी गार्गी लहानपणी अर्धवट झोपेतही द्यायची. आता ती परदेशात असते आणि घरात मी एकटी. सीताबर्डीजवळच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर रोज दुपारी मी गोष्ट सांगते, आणि काचेच्या खोलीत समोर कोणी नसले तरी सवयीने, वाक्य संपले की हुंकारापुरती थांबते.

त्या थांबण्यात कोणीतरी खरेच हुंकार देते, हे मला कामठीच्या इंदुताईंनी केंद्रावर फोन करून सांगितले. त्या रोज ऐकणाऱ्या.

"तुमच्यासंगं कोण बसते वं, उत्तराताई? हुंकार मोठा गोड देते."

"कोणी नाही हो."

"लपवता काहून? आमच्या घरी गोष्टीपेक्षा तिचीच वाट पाहतात!"

मी रेकॉर्डिंग घरी नेऊन ऐकले. हुंकार होता. बाईचा, अगदी जवळून आलेला, आणि जिथे मला हवा असे नेमका तिथेच. घाबरायला हवे होते. मी ते पुन्हा लावले आणि जेवायला बसले.

केंद्रप्रमुखांना मात्र ते चालेना. आवाज साफ करा, नाहीतर कार्यक्रम बंद, म्हणाले. तंत्रज्ञ दुर्गेशभाऊ प्रोसेसरसमोर बसले. रेडिओवर जाणारा प्रत्येक आवाज त्या यंत्रातून जातो; हेडफोनमध्ये मला ऐकू येतो तो माइकचा सरळ आवाज.

"यातली ही सेटिंग हळू आवाज वर ओढते, ताई. तुम्ही थांबल्या का पंखा, खुर्ची, काही बी मोठं होते. आता गेट लावतो. जो आवाज कमजोर, त्याले दार बंद."

"थोडासा राहू दिला तर?"

"काय?"

"हुंकार."

ते हसले. "घरी एक पोपट पाळा ना, ताई."

कार्यक्रम गेला असता तर दिवसभरात माझा आवाज कोणाच्याच कानावर पडला नसता. मी हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगितली, थांबत थांबत. काचेपलीकडे रेडिओला कान लावून बसलेल्या दुर्गेशभाऊंनी अंगठा वर केला. बाहेर येताच म्हणाले, "एकदम साफ! आता एकच आवाज येऊन राहिला."

तेवढ्यात फोन वाजला. मीच उचलला. इंदुताई होत्या.

"आज गोष्टवाल्या ताई नाही आल्या का?"

"मीच बोलते आहे, इंदुताई. आत्ताच तर सांगितली गोष्ट."

"हॅलो? पूर्ण वेळ नुसता हुंकारच ऐकला आम्ही. मधात सगळं सुनं. हॅलो, कोण आहे?"

"अहो, मी उत्तरा!" मी जवळजवळ ओरडले, आणि सवयीने थांबले.

"हां, या हुंकारावरून ओळखलं," पलीकडून इंदुताई आनंदाने म्हणाल्या. "तुम्ही होय! त्या ताई नाही आल्या तरी चालते. तुम्ही येत जा."