खुंटीचा फोन

सनीव्हेलच्या एका गराज सेलमधून ईश्वरने जुना काळा फोन आणला, एका तारेवर चार घरांचे फोन असायचे त्या काळातला. रिसिव्हरखालची खुंटी वर ओढली, की लाइनवरचे बाकीचे फोन मुके!

त्याची बायको जागृती खूश झाली. दर रविवारी तिने नागपूरला आईला फोन लावला, की सासूबाई किचनमधला फोन उचलायच्याच. एवढं काय ऐकायचं असतं या बाईला?

आज खुंटी ओढून ती आईजवळ पोटभर रडली. डोळे पुसून पाहते तर किचनमध्ये सासूबाई मुका फोन कानाला धरून उभ्याच.

तिला कसंतरीच झालं. तिने खुंटी खाली दाबली. “तुम्ही बोला, मी ठेवते,” म्हणाली. पण ठेवला नाही.

“जयभीम, विहीणबाई. पोरगी रडली का हो तुमच्याजवळ? पोटातलं बाळ गेल्यापासून माझ्यासमोर एकदाही रडली नाही.”