म्हैस वाचवणाऱ्याची खुर्ची

कवडूला मी मिळाले. पण असं काही घडलंच नाही, हे आमच्या समितीने एकमताने ठरवलंय. तेव्हा मित्रांनो, तुम्हीही ऐकलं नाही असंच समजा.

मी चाकाची खुर्ची. कुठल्याशा कारखान्यात जन्मले. तपशील आठवत नाहीत, आठवायचा उत्साहही नाही. अकरा वर्षं नागपुरातल्या एका वस्तीच्या मदत समितीत काढली. मी फुकट मिळते, फक्त रजिस्टरात 'पडण्याचे कारण' लिहावं लागतं. ते वाचून अध्यक्ष बाबनराव ठरवतात. अनंतराव देवळाच्या पायरीवरून घसरले, तर दहा मिनिटांत मी त्यांच्या दारात. महिनाभर त्यांनी माझ्यावर टॉवेल वाळवले. तक्रार नाही, टॉवेलही थकलेलेच होते.

मग प्रणाली आली. तिच्या वडिलांचा, कवडूचा, पाय मोडला होता. दोन दिवसांनी ऑपरेशन, आणि गल्लीत ऑटो शिरत नव्हता.

"पडले कसे?" बाबनरावांनी विचारलं.

"अनोळखी वरातीत नाचून राहिले होते. डीजेच्या गाडीवरून पडले."

"दारू पिऊन?"

"नाही काका, चहा पिऊन."

"मग तर अजून वाईट! शुद्धीत असं करते का कोणी? वरातवाल्याइलेच माग खुर्ची."

समितीतल्या तुळजाबाई तिला बाजूला घेऊन पुटपुटल्या, "काहून खरं सांगून राहिली वं? म्हैस वाचवताना पडले म्हन."

प्रणालीने कारण बदललं. पाय तोच, मोडलाही तिथेच. पण बाबनरावांचे डोळे भरून आले. मी निघाले, सोबत शहाळी, शाल आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्कार. बॅनरसाठी म्हशीचं नाव हवं होतं. तुळजाबाईंनी 'भैरवी' सांगितलं.

मंडपात कवडूच्या हाती माइक आला. कवडू माझ्या हातावर जरा टेकला, आणि मला कळलं, आता काही खरं नाही.

"म्हैस नव्हती गा," तो म्हणाला. "मी नाचून राहिलो होतो. गाणं चांगलं होतं."

टाळ्या थांबल्या. दोघांनी त्याला अलगद उचलून सतरंजीवर ठेवलं आणि मला कार्यालयात ढकलत नेलं. शालही घडी घालून परत आली.

ऑपरेशनच्या सकाळी खिडकीतून पाहिलं. प्रणाली वडिलांना पाठीवर घेऊन गल्लीबाहेरच्या ऑटोकडे निघाली होती. तीन ठिकाणी थांबली. माझी चारही चाकं शाबूत होती.

सबब, मा. अध्यक्ष महोदयांस नम्र विनंती, की मोडलेल्या पायाची चौकशी पायापुरतीच मर्यादित ठेवण्यात यावी, आणि अर्जदार खुर्चीस दवाखान्याच्या दाराशी विनाविलंब, विनाकारण पोचते करण्यात यावे.