रकिया शेफा झाली त्या वर्षी

साफी शहराच्या बंदराला लागून असलेल्या, तारली मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात बायकांच्या टेबलांवर देखरेख करणारीला सगळ्या 'शेफा' म्हणत. जुनी शेफा यामना, मानाने 'लल्ला यामना', गुडघ्यांनी थकून घरी बसली आणि तिच्या जागी रकियाचं नाव लागलं, तेव्हा सगळ्यांत जोरात ओरडली ती हनिया. जीभ हलवून तिने लग्नघरात काढतात तसा लांब हेल काढला आणि सुरी उंच धरून म्हणाली, "बायांनो, आता आपलं राज्य! आता चहाला जायचं तर कुणाच्या पाया पडायला नको. शेफा म्हणजे आपली रकियाच!"

रकिया लाजली, हसली. तिला खरंच तसंच वाटत होतं.

हनिया आणि ती किती तरी वर्षं एकाच टेबलाला शेजारी शेजारी उभ्या राहिल्या होत्या. बोट लागली की कारखान्यातून फोन येई आणि दोघी गल्लीच्या तोंडाशी भेटून धावत सुटत. पांढरे झगे, टोप्या, गमबूट चढवायचे आणि माशाचं डोकं उडवून, आतडी काढून, धुऊन डब्यात रचायला लागायचं. हनियाची सुरी चपळ, पण जीभ तिच्याहून चपळ. यामना पाठमोरी झाली की ही मान छातीत खुपसून पाय ओढत चालून दाखवी आणि तिच्याच घोगऱ्या आवाजात म्हणे, "माशालाही तोंड असतं, पण तो बोलतो का? शिका काही त्याच्याकडून!" तेव्हा सगळ्यांत जास्त हसायची ती रकिया.

त्याच वर्षी कारखान्याला नवा व्यवस्थापक आला होता. सी द्रिस. कासाब्लांकाहून आलेला, तिशीतला, नीटनेटका माणूस; सगळे त्याच्या नावाआधी मानाचं 'सी' लावत. त्याची खोली वरच्या मजल्यावर होती आणि तिच्या काचेतून खालचं सगळं दिसे. तो कधी आवाज चढवत नसे. त्याने रकियाला वर बोलावलं, स्वतःच्या हाताने पुदिन्याचा चहा ओतून दिला.

"लल्ला रकिया, खाली गलका फार असतो. तोंड आणि हात एकत्र चालत नाहीत. मालक म्हणतात डबे कमी भरतायत."

"सी द्रिस, बोलता बोलताच त्यांचे हात चालतात. गप्प उभं राहून मासा साफ करायचा म्हणजे झोप येते हो."

"मी तुम्हाला हुकूम करत नाहीये," तो मऊ आवाजात म्हणाला. "फक्त सांगतोय. हे बंद झालं पाहिजे. कसं, ते तुम्ही बघा."

चहा अर्धाच ठेवून रकिया जिना उतरली. पहिल्या दिवशी तिने गोडीगुलाबीने सांगून पाहिलं. "बरं का, जरा हळू बोलू या."

"जशी आज्ञा, शेफा!" म्हणत हनियाने हळूच कुजबुजायला सुरुवात केली, आणि ती कुजबुज इतकी मजेशीर होती की अख्खं टेबल खिदळायला लागलं. रकियालाही हसू आलं असतं, पण काचेमागे सी द्रिस येऊन उभा राहिला होता. हात मागे बांधून, नुसता उभा. रकियाची मान तापली. तिने जोरात टाळ्या वाजवल्या आणि ओरडली, "हात चालवा, तोंड नको!"

टेबल गप्प झालं. सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या, जणू भलतीच कुणी बाई येऊन उभी राहिलीय.

एकदा ओरडलं की दुसऱ्यांदा ओरडायला जड जात नाही. सी द्रिस वर बोलावून म्हणे, "छान. आता थोडं आणखी." आणि रकिया खाली येऊन थोडं आणखी ओरडे. एके दिवशी तिने हनियाला तिच्या टेबलापासून हलवलं आणि दाराजवळच्या टोकाच्या टेबलाला लावलं. तिथे मिठाच्या पाण्याचे हौद होते आणि समुद्रावरचं बोचरं वारं थेट आत येई. तिला वाटलं होतं, हनिया चार शब्द सुनावेल, भांडेल. हनियाने सुरी उचलली आणि मुकाट्याने निघून गेली.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत रकिया जवळ आली की बोलणं तुटायचं. कुणीतरी पावाचा तुकडा पुढे करी, पण नजर खाली ठेवून. मग रकिया 'गोदामात काम आहे' म्हणून तिकडेच जेवणाचा डबा उघडू लागली.

घरी नवरा महजूब जाळं विणत बसलेला असे. एका संध्याकाळी पोरं दंगा करत होती, तेव्हा रकियाने टाळ्या वाजवून त्यांना गप्प केलं. महजूब सुई थांबवून म्हणाला, "घरीसुद्धा कारखाना काढलास का? मीही हात चालवू, शेफा?" पोरं हसली. रकिया स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसली.

एकदा कपडे बदलायच्या खोलीबाहेर तिला आतला हशा ऐकू आला. दार अर्धवट उघडं होतं. आत हनिया बाकावर चढली होती. कमरेवर हात, दोन टाळ्या, "हात चालवा, तोंड नको!" आणि लगेच मान वर. पुन्हा "ए, तू! काय चाललंय?" आणि पुन्हा मान वर. प्रत्येक शब्दानंतर ती अशी घाबरून छताकडे बघे की बायका पोट धरून लोळत होत्या.

रकियाच्या अंगाचा तिळपापड झाला. आत जाऊन एकेकीची खरडपट्टी काढावी, असं वाटलं. पण ती जागची हलली नाही. टाळ्यांचं आणि ओरडण्याचं तिला ठाऊक होतं. आपण दर वेळी वरच्या काचेकडे बघतो, हे तिला ठाऊक नव्हतं. आपण इतक्यांदा बघतो? कारखाना सुटल्यावर ती एकटीच लांबच्या रस्त्याने घरी गेली.

पुढच्या आठवड्यात इत्तोचं प्रकरण झालं.

इत्तो डोंगरातल्या गावाहून लग्न होऊन आलेली, अंगावर पिणारं मूल सासूपाशी ठेवून कामाला येणारी. टेबलांजवळून चालता चालता रकियाला तिच्या परातीतलं पाणी गुलाबी दिसलं. तिचे मासे तर आधीच धुऊन झालेले होते, म्हणजे हे रक्त माशाचं नव्हतं. तिने इत्तोचा हात धरला, हातमोजा ओढून काढला. आत बोटाला प्लास्टिकची पिशवी करकचून बांधलेली होती, आणि तिच्याखाली जखम सुजून पांढरी पडली होती. मिठाच्या पाण्यात तो हात कसा झोंबत असेल, या विचारानेच रकियाचे दात शिवशिवले.

"कधी कापलं?"

"परवा."

"परवा! आणि मला सांगितलं नाहीस?"

इत्तोने तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत होती. "बोलायचं नाही म्हणालात ना तुम्ही."

टेबल थांबलं. हौदाजवळून हनिया बघत होती, सुरी हातात तशीच धरून.

कापलेल्या हाताने भरलेला माल पुढे जाऊ देता येत नव्हता. त्या टेबलाचा सगळा माल टाकावा लागला. तेव्हा सी द्रिस कित्येक दिवसांत पहिल्यांदाच खाली आला. टाकलेल्या माशांचा ढीग पाहून त्याचा चेहरा उतरला. रकियाला बाजूला घेऊन तो म्हणाला, "ही बाई उद्यापासून नको. जखम लपवणं म्हणजे फारच झालं. तुम्ही सांगा तिला."

त्या दुपारी रकिया लल्ला यामनाच्या घरी गेली. म्हातारी गच्चीवर वालपापडी सोलत बसली होती. रकियाने सगळं सांगितलं. यामनाने हातातली शेंग सोलून संपवली.

"माझ्यापासूनही लपवायच्या," ती म्हणाली. "एकीने तर पोट लपवलं होतं. झगा सैल शिवून घेतला. टेबलाशी कोसळली तेव्हा मला कळलं."

"मग तू काय केलंस?"

"ओरडले. दुसरं काय येत होतं मला? वाटायचं, घाबरतात म्हणजे मान देतात." तिने शेंगांचं टोपलं पुढे सरकवलं. "आता बाजारात समोर आल्या की दुकानाच्या पाट्या वाचत उभ्या राहतात. त्यातल्या निम्म्यांना तर वाचताही येत नाही, पोरी!"

रकियाला हसू फुटलं आणि डोळेही भरले. यामनाही हसली, मग गंभीर झाली. "काय करू, ते मला विचारू नकोस. मी काय केलं ते सांगितलं. आता शेंगा सोलू लाग, रिकामी बसू नकोस."

सकाळी काम सुरू व्हायच्या आधीच रकिया जिना चढली. दार उघडंच होतं. सी द्रिस फोन कानाला लावून उभा होता. फोनमधला आवाज इतका चढलेला होता की दारापर्यंत खरखरत येत होता. "हो साहेब... नाही साहेब... चूक माझीच साहेब..." फोन ठेवून त्याने वळून पाहिलं, आणि रकियाला बघून कानापर्यंत लाल झाला.

"बसा, लल्ला रकिया. चहा—"

"चहा नको. मी इत्तोला काढणार नाही."

तो काही बोलणार, तोच ती पुढे म्हणाली, कारण थांबली असती तर पुन्हा धीर झाला नसता. "तिने लपवलं ते माझ्या भीतीने. आणि मी ओरडत होते ते तुमच्या भीतीने. तुम्हाला तिला काढायचंच असेल तर खाली या आणि तिच्या तोंडावर सांगा. तुमचा निरोप्या व्हायचं मी आता बंद केलंय."

सी द्रिस खुर्चीत बसला. त्याने टेबलावरची पेनं सरळ केली.

"मला त्यांची नावंही माहीत नाहीत," तो म्हणाला. "मी खाली उतरलो की सगळ्या अशा गप्प होतात की कुठे बघावं, कळत नाही." मग थकल्या आवाजात त्याने विचारलं, "मालकांना काय सांगू?"

"जे झालं ते सांगा. आणि सांगा, की यापुढे कुणाचं बोट कापलं तर त्याच घटकेला कळेल."

"आणि बोलणं?"

"बोलणं चालू राहील. ओरडणं मी बंद करते. एक महिना बघा. डबे भरले नाहीत तर मला परत टेबलाला लावा. सुरी धरायची विसरले नाही अजून."

सी द्रिस उठून काचेपाशी गेला. खाली बायका टोप्या घालत होत्या. "एक महिना," तो म्हणाला. मग अडखळत विचारलं, "त्या बाईने डॉक्टरला दाखवलं का?"

खाली आल्यावर रकियाने टाळ्या वाजवायला हात वर केले आणि तसेच खाली घेतले. तिला भाषण कुठे येत होतं! ती म्हणाली, "ऐका गं. आधी इत्तो दवाखान्यात जाईल. मग हात बरा होईपर्यंत भरलेल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवेल. आणि कुणाला कापलं, चक्कर आली, पोटात दुखलं, तर मला सांगायचं. मी ओरडणार नाही."

"आणि ओरडलीस तर?" हौदाजवळून हनियाचा आवाज आला.

"तर तू माझी नक्कल कर. पण माझ्यासमोर."

हनिया टोमॅटोसारखी लाल झाली. "मी? आणि नक्कल? अल्लाची शपथ—"

"खोटी शपथ खाऊ नकोस, मेले! वर बघायची खोड तर तू माझ्याहून छान करतेस."

आधी इत्तोच हसली, तोंडावर तो कापलेला हात धरून. मग सगळं टेबल फुटलं. रकियाने हसणं ओसरू दिलं आणि म्हणाली, "हनिया, ये परत इकडे. ही जागा तुझीच आहे."

"नको," हनिया म्हणाली. "इथलं वारं आता अंगवळणी पडलंय माझ्या." आणि पाठ फिरवून सुरीला धार लावू लागली.

ती त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाच-सहा दिवसांनी कुणी न बोलावता येऊन उभी राहिली आणि शेजारणीला कोपराने ढोसत म्हणाली, "सरक जरा, जाडे. माझी जागा खाऊन टाकलीस."

सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. त्या महिन्यात रकिया दोनदा ओरडली, आणि दोन्ही वेळा हनियाने बाकावर चढून हिशेब चुकता केला. पहिले काही दिवस गप्पांना नुसता ऊत आला आणि डबे खरंच कमी भरले. तेव्हा रकिया झगा चढवून स्वतः टेबलाला उभी राहिली, आणि हळूहळू डबे पुरे भरू लागले. सी द्रिस अधूनमधून खाली येई, हातात कागद घेऊन नावं विचारी आणि हटकून चुकवी. हनियाला तो तीनदा 'हनान' म्हणाला. चौथ्यांदा ती म्हणाली, "साहेब, माझ्या बापाने बोकड कापून नाव ठेवलं होतं, तुम्ही फुकटात बदलता!" तो हसायला लागला. त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. महिना संपला, पण त्याने तो विषय काढला नाही आणि रकियानेही आठवण दिली नाही.

शरदात मासे उदंड आले. एका शुक्रवारी, घरोघरी जेवायला कुस्कुसची परात नुकतीच मध्ये ठेवली असताना, तीन बोटी एकदम लागल्या. रकियाने फोन केले तेव्हा तिला धाकधूक होती. पण ती फाटकापाशी पोचली तर निम्म्या बायका आधीच येऊन उभ्या होत्या, काहींच्या बोटांना अजून लोणी लागलेलं. संध्याकाळपर्यंत कुणी मान वर केली नाही, आणि तोंडंही कुणाची थांबली नाहीत.

काम उरकल्यावर हनियाने बाकावर बसून गमबूट काढला आणि उलटा केला. त्यातून वाटीभर पाणी ओघळलं.

"हे बघ. सगळ्यांचे असेच फाटलेत," ती रकियाला म्हणाली. "वर जाऊन सांग की त्याला. शेफा तू आहेस ना?"

"सांगते. पण तू चल माझ्याबरोबर. आणि तो बूट घे."

"मी? वर?" हनिया घाबरलीच. मग तिने टोपी नीट केली, हात झग्याला पुसले आणि बूट बगलेत मारून रकियाच्या मागोमाग जिना चढू लागली.

नवे गमबूट थंडीच्या आत आले. सगळे एकाच मापाचे, आणि तेही माप पुरुषांचं. बायकांना त्यावर बोलायला अख्खा आठवडा पुरला नाही.