खडूच्या चौकटीबाहेर

“पाय हलका, अंबू. मेल्ल, मेल्ल, सावकाश. ही पुढून ओढत नाहीं, मागून रेटते. रेटणाऱ्याला घाई करूं नये.”

चेन्नईजवळच्या आवडी गावात, कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या रिकाम्या रस्त्यावर, एका रविवारी सकाळी ऐकलेला वडिलांचा आवाज. अंबुजा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आता ती पन्नाशीला आली होती, तरी तो आवाज हेल्मेटच्या आत जसाच्या तसा होता. फक्त तो अर्धा क्षण उशिरा आला. दुधी रंगाची फियाट गर्रकन फिरली आणि आलेल्या दिशेकडे तोंड करून बंद पडली. सिमेंटवर पसरलेली वाळू काचेसमोरून हळूहळू खाली बसली.

“अंबुजाक्का, रन गेला!” वेळ घेणाऱ्या मुरलीनं माइकवरून सांगितलं. “अजून दोन आहेत. सरी, ठीक आहे, परत या.”

मकरंद कुंपणाशी उभा होता. पुण्याहून नोकरीसाठी आलेला मुलगा, चार वर्षं अंबुजाबरोबर एकच लाल गाडी आळीपाळीनं चालवणारा. तो म्हणाला, “ताई, थेट घरी निघाला होता की काय? निदान सांगून तरी जायचं.”

“हसून घे. पुढचा नंबर तुझाच आहे.”

“माझी गाडी शहाणी आहे हो. जिकडे तोंड, तिकडे जाते.”

ते खरंच होतं. लाल गाडीची पुढची चाकं तिला ओढून नेत. वळणावर शेपूट सुटलंच तर अॅक्सिलरेटर दाबायचा. पुढची चाकं गाडीला हाताला धरून सरळ करत. सहा वर्षं दर महिन्याला अंबुजाच्या पायानं हेच केलं होतं. आजही त्यानं तेच केलं. फियाटची ताकद मागच्या चाकांत. ती आधीच घसरत होती, त्यांनाच पायानं आणखी घाई केली.

चेन्नईच्या दक्षिणेला, कोवलमच्या अलीकडे, बंद पडलेल्या एका गोदामाच्या सिमेंटच्या अंगणात ही मंडळी जमत. पलीकडे होड्या ओढून ठेवलेल्या, वाऱ्याला सुक्या मासळीचा वास. अंगणात केशरी शंकू मांडायचे, त्यांना सगळे कोन म्हणत. त्यांच्यामधून एकेकट्या गाडीनं पळायचं, घड्याळाशी. प्रत्येक कोनाच्या तळाभोवती खडूची चौकट आखलेली असे. कोन पडला किंवा चौकटीच्या पूर्ण बाहेर सरकला, की दोन सेकंद वाढले. आणि ते पाहायला पगारी माणूस नसे. आपला रन झाला की ज्यानं त्यानं उन्हात जाऊन एका वळणावर उभं राहायचं, दुसऱ्याचे कोन उभे करायचे, चूक दिसली तर लाल झेंडा वर करायचा. त्या माणसानं झेंडा उचलला नाही, तर चूक झालीच नाही.

आज नवव्या वळणावर, शेवटच्या, वेंकोबा बसले होते. अंबुजाचे वडील. एकोणऐंशी वर्षं. अंबुजा दोन गाड्या चालवणार म्हणून तिच्या वाट्याची झेंड्याची पाळी करायला ते आले होते. वेताची खुर्ची, काळी छत्री, मांडीवर झेंडा.

“न्यायाधीश घरचाच,” मकरंद सकाळी म्हणाला होता.

“त्यांना ओळखत नाहीस तू,” मुरली म्हणाला. “कारखान्यात हजार नगांचा लॉट परत पाठवलाय त्यांनी. वरून फोन आला, तरी.”

वेंकोबांनी छत्तीस वर्षं कारखान्यात गेज, म्हणजे ठरल्या मापाचा दांडा, लावून सुटे भाग तपासले होते. भोकात गेज जातं, किंवा जात नाही. त्यांच्या आयुष्यात याहून लांब वाक्यं फार नव्हती. बायको वसंता होती तोवर घरातली वाक्यं तीच बोलायची. इडलीचं पीठ वाटताना गायचीही:

पुढं ओढी त्याचं नाव, गावभर गं होई
मागं रेटी त्याची पाठ, देव पाहून घेई

तिरुवल्लिकेणीच्या माहेरी लहानपणी पाहिलेल्या रथाची ओवी. पुढे दोराला शेकडो हात. मागे चाकाशी ओंडके लावून रेटणारे चारच जण, कुणाला न दिसणारे.

अंबुजा लाल गाडीत बसली. आता पाय पुन्हा बदलायचा. तिनं डोळे मिटून उजवा पंजा दोनदा दाबला, सोडला. दाब, ही ओढते. गाडी निघाली आणि सगळं सोपं झालं. एकोणसाठ पूर्णांक दोन. तिच्या गटात दुसरा नंबर. तिनं तो नीट ऐकलाही नाही.

मुरलीच्या टेबलाला एक लाकडी फळा टेकवलेला होता. जानेवारीत, पोंगलनंतरच्या रविवारी, दरवर्षी कोनांचा तोच जुना नकाशा मांडत, म्हणून या एका दिवसाचे आकडे फळ्यावर राहत. पांढऱ्या रंगात, थोडं पुसट: ‘जुन्या गाड्या, मागची चाकं. वेंकोबा. ६१.८.’ अकरा वर्षं तो आकडा कुणी मोडला नव्हता. उद्या फियाट जाणार होती. कोइमतूरचा एक जुन्या गाड्यांचा हौशी ट्रक घेऊन येणार होता. वेंकोबांच्या डोळ्यांमुळे लायसन्स पुन्हा मिळालं नव्हतं. ती नुसती उभी राहून गंजण्यापेक्षा गेलेली बरी, असं त्यांनीच म्हटलं होतं.

म्हणून आज. मकरंदला वाटत होतं, ताईंना बापाचा विक्रम मोडायचाय. वेंकोबांनाही तसंच वाटत असावं.

अकरा वर्षांपूर्वी नवव्या वळणावर अंबुजा उभी होती. वसंता जाऊन तीन महिने झाले होते. त्या तीन महिन्यांत वेंकोबा जेवायला बस म्हटलं की बसत, ऊठ म्हटलं की उठत. तिनंच त्यांना हट्टानं इथे आणलं होतं. फियाट नवव्या वळणावरून गेली, मागच्या चाकानं कोन ढकलला, आणि कोन चौकटीच्या बाहेर उभा राहिला. चार बोटं, स्पष्ट. अंबुजाचा हात झेंड्यावर होता. तेवढ्यात माइकवर आकडा आला. तिनं पायानं कोन आत सारला, अगदी चौकटीत.

तो आकडा ती अकरा वर्षं दर जानेवारीला वाचत आली होती. तो आज नीट, खरेपणानं मोडला असता, तर मुरलीनं ब्रश घेऊन तो पुसला असता. कुणाला काही सांगावं लागलं नसतं. उद्या गाडीही गेली असती, आणि सगळंच मिटलं असतं.

फियाटचा दुसरा रन तिनं भीत भीत केला. त्रेसष्ट. गाडी कुठेच सुटली नाही, आणि कुठे पळालीही नाही.

“तुम्ही तिला गिऱ्हाइकाच्या गाडीसारखी चालवताय, ताई,” मकरंद पाण्याची बाटली देत म्हणाला. “घरच्यासारखी चालवा.”

तिनं नवव्या वळणाकडे पाहिलं. छत्री तिरकी झाली होती. वेंकोबा इकडे बघत होते, पण त्यांना इथवर काही दिसत नव्हतं हे तिला माहीत होतं. ते ऐकत होते.

तिसरा रन. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तिनं खाली ओढला. गाडीत जुन्या रेक्झिनचा आणि आईच्या कापराच्या डबीचा वास अजून होता. झेंडी पडली. पहिली चार वळणं ती विसरली, इतकी ती नीट झाली. पाचव्याला शेपूट जरा सुटलं. पायाला दाबायची उबळ आली. तिनं पाय दाबला नाही, एकदम उचललाही नाही. नुसता हलका केला. स्टिअरिंग सुटणाऱ्या बाजूला दिलं. गाडीनं मागून एक श्वास घेतल्यासारखं केलं आणि ती सरळ झाली. मेल्ल, मेल्ल. सातवं. आठवं. नवव्यावर वाळू जास्त होती. शेपूट लांब, सावकाश बाहेर गेलं, जणू त्याला जायचंच होतं, आणि परत आलं. छत्री, खुर्ची, पांढरा शर्ट काचेवरून सरकले. मग शेवटची रेष.

“एकसष्ट पूर्णांक पाच!” मुरली ओरडला.

मकरंद टाळ्या वाजवत धावत आला. “मोडला! अहो ताई, मोडलात! पेढे कुठायत?”

अंबुजानं हेल्मेट काढलं. मुरली खिशात ब्रश शोधू लागला होता. तिनं वळून पाहिलं.

नवव्या वळणावरची खुर्ची रिकामी होती. छत्री वाऱ्यानं लोळत कुंपणाला लागली होती. वेंकोबा कोनापाशी गुडघे टेकून वाकले होते. उजव्या हाताची बोटं जमिनीवर काहीतरी चाचपत होती. मग त्यांनी डावा हात वर केला. हातात लाल झेंडा होता.

“नऊ नंबर, खात्री?” मुरलीनं माइकवर विचारलं. त्याचा आवाज उतरला होता. “पडला तर नाहीं. सरकला का?”

झेंडा आणखी वर गेला.

मकरंद हळूच म्हणाला, “आजोबांना नीट दिसत नाही हो. मी जाऊन बघू का?”

“नको.”

ती चालत गेली. अंगण ओलांडायला बराच वेळ लागला. वेंकोबा अजून तसेच होते, झेंडा उंच, गुडघ्यांवर वाळू.

“अप्पा, उठा.”

“रबर घासल्याचं ऐकूं आलं,” ते म्हणाले. वर न बघता त्यांनी तिचा हात धरला, तिचं बोट खाली नेलं आणि कोनाचा तळ आणि खडूची रेघ यांच्यामध्ये ठेवलं. “पाही. नख जातंय. जातंय का नाहीं?”

“जातंय.”

“नख गेलं म्हणजे बाहेर. दोन सेकंद. गाडी फार बरी चालवलीस, अंबू. माझ्याहून बरी. पण माझंच नांव राहिलं ग फळ्यावर. वाईट वाटतंय का?”

ती त्यांच्या शेजारी सिमेंटवर बसली. त्यांचा झेंडा धरलेला हात तिनं खाली घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. तिकडे मुरलीनं ब्रश परत खिशात घातला.

“अप्पा,” ती म्हणाली, “त्या वर्षी इथे मी उभी होते. तुमचा कोन चार बोटं बाहेर गेला होता. मी पायानं आत सारला. झेंडा उचलणार होते... पण मुरलीनं आकडा सांगितला आणि तुम्ही हसलात. आई गेल्यावर पहिल्यांदा हसलात. म्हणून झेंडा उचलायचा राहिला.”